उभ्या पिकाचा सौदा : जपानमध्ये पदवी हातात येण्याआधीच नोकरी का शोधतात?

प्रश्न नाशिकच्या एका वडिलांचा आहे. मुलगी जपानमधल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकते. तिसरं वर्ष चालू आहे, पदवीला अजून सव्वा वर्ष आहे, तरी गेल्या उन्हाळ्यापासून ती नोकरी शोधतेय. काळा सूट घेतला, दिवाळीला आली नाही, आणि आता म्हणते की मार्चपासून फोनवर बोलायलाही वेळ मिळणार नाही. वडिलांचं म्हणणं असं : आधी पदवी नीट घे, निकाल लागू दे, सहा महिने घरी येऊन जिवाला आराम दे, मग शोध. यात चुकलं काय?

आपल्याकडे हा सल्ला कुणीही शहाणा माणूस देईल. इकडे तो पाळला तर मुलीचं नुकसान होईल, आणि ते पुढे भरून काढणं अवघड जातं. कारण जपानमध्ये कंपनी पदवीला जेवढी किंमत देते, त्याहून जास्त किंमत ‘यंदा पदवीधर होणार’ या अवस्थेला देते. तिला म्हणतात शिनसोत्सु, नवपदवीधर. ही अवस्था एका मार्चला संपते. गुण, प्रबंध, प्रमाणपत्र तेच राहतं, पण एप्रिल उजाडला की तोच उमेदवार ‘किसोत्सु’ होतो, म्हणजे आधीच पदवीधर झालेला, आणि मग मुलाखतीत पहिला प्रश्न येतो : ‘गेल्या वर्षी का नाही मिळाली?’

मी पुण्यात जपानी शिकून २००१ साली इकडे आले. नागोयाजवळच्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत पंधरा वर्षं मनुष्यबळ विभागात होते. त्यातली बरीचशी टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घेण्यात गेली. आता एका खासगी विद्यापीठाच्या करिअर सेंटरमध्ये आठवड्यातून तीन दिवस असते, म्हणजे टेबलाच्या अलीकडे. पुढचं सगळं या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

आधी वेळापत्रक. जपानचं शैक्षणिक वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन मार्चअखेर संपतं, बहुतेक कंपन्यांचं आर्थिक वर्षही तेच. मार्चच्या उत्तरार्धात पदवीदान होतं, मुली हाकामा हा पारंपरिक पोशाख नेसून फोटो काढतात. १ एप्रिलला सकाळी त्याच मुली काळ्या सूटमध्ये कंपनीच्या प्रवेशसमारंभात रांगेने बसलेल्या असतात. मधे जेमतेम आठ-दहा दिवस. हा सांधा इतका घट्ट बसवायचा तर शोधाशोध आधीच उरकायला हवी, म्हणून देशभरातले विद्यार्थी एकाच वेळी बाहेर पडतात. या खटाटोपाला म्हणतात शूकात्सु.

सरकारी नियम असा : तिसरं वर्ष संपता संपता १ मार्चला कंपन्यांनी माहितीसत्रं सुरू करायची, चौथ्या वर्षी १ जूनपासून मुलाखती घ्यायच्या, आणि १ ऑक्टोबरला नाइतेइ, म्हणजे नोकरीचा पक्का शब्द द्यायचा. पूर्वी हे केइदानरेन ही बड्या उद्योगांची संघटना ठरवायची. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिचे तेव्हाचे अध्यक्ष नाकानिशी हिरोआकी यांनी २०२१ मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीपासून आम्ही यातून अंग काढून घेतो असं जाहीर केलं, आणि तेच वेळापत्रक सरकारने चालू ठेवलं. नियम मोडणाऱ्याला दंड तेव्हाही नव्हता, आजही नाही. त्यामुळे १ जून हा मुलाखतींचा पहिला दिवस केवळ कागदावर आहे. अलीकडच्या वर्षांत त्या तारखेला साधारण दहातल्या आठ जणांच्या खिशात तोंडी शब्द, म्हणजे ‘नाइनाइतेइ’, आलेला असतो. तुमची मुलगी घाई करत नाही, खरं तर ती अगदी वेळेवर आहे.

याला इकडे एक जुना शब्द आहे, आओतागाइ. शेतात भात हिरवं असतानाच ते विकत घेणं. कोकणात मोहोरावर आंब्याची बाग देतात, तसंच. फळ कसं धरेल माहीत नाही, पण दुसरा व्यापारी उद्या येईल म्हणून आजच सौदा. याला लगाम घालायला विद्यापीठं आणि उद्योग यांच्यात १९५३ मध्ये करार झाला. तो पाळला गेला कमी आणि मोडला गेला जास्त, शेवटी १९९७ मध्ये तो रद्द झाला. तेजीच्या ऐंशीच्या दशकात तर कंपन्या निवडलेल्या मुलांना सहलीला घेऊन जात, थेट परदेशीसुद्धा. हेतू एवढाच की त्या दिवसांत त्यांनी दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीला जाऊ नये. आमचे एक साहेब त्या पिढीतले. ‘मला तीन दिवस हॉटेलात खेकडे खायला घालून डांबून ठेवलं होतं,’ असं ते दर वर्षी नव्या मुलांना सांगत आणि मुलं कसंनुसं हसत.

आता मूळ प्रश्न : कंपन्यांना कोवळं पीक कशाला हवं?

आपल्याकडे जाहिरात कामाची असते. अकाउंटंट पाहिजे, अमुक सॉफ्टवेअर येणारा पाहिजे. जपानच्या जुन्या पद्धतीत काम ठरलेलं नसतंच. कंपनी माणूस घेते आणि काम मागाहून देते. श्रम विषयाचे अभ्यासक हामागुची केइइचिरो यांनी याला ‘मेंबरशिप’ पद्धत असं नाव दिलं, आणि ते नेमकं आहे, सभासदत्वच ते. आम्ही एकदा एका मुलाला घेतलं, त्याचा प्रबंध जुन्या दरबारी कवितेवर होता. त्याला आधी दोन महिने कारखान्यात उभं केलं, मग खरेदी विभागात टाकलं, चार वर्षांनी निर्यातीकडे. पोलादाचे भाव तो आमच्याकडे शिकला. त्याच्या जागी दुसरीकडे पाच वर्षं काम केलेला माणूस आला असता तर लवकर कामाला लागला असता, पण ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ हे त्याला शंभरदा सांगावं लागलं असतं. कोऱ्या पाटीची किंमत ती.

म्हणून अर्थशास्त्र, साहित्य, कायदा अशा शाखांत विषयाला आणि गुणांना फारसं कुणी विचारत नाही. विद्यापीठाचं नाव मात्र पाहतात. ‘गाकुरेकी फिल्टर’ हा शब्द मुलांच्या तोंडी असतो : ठरावीक विद्यापीठांच्या मुलांनाच माहितीसत्राच्या जागा रिकाम्या दिसतात, बाकीच्यांना ‘फुल्ल’. आम्ही हे करत नव्हतो असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. अभियांत्रिकी आणि विज्ञानाचं चित्र वेगळं. तिथे बरेच जण पदव्युत्तर करून निघतात, प्राध्यापकाची किंवा विभागाची शिफारस चालते, आणि तुमचा विषय खरोखर विचारात घेतात.

आणखी एक फरक. आपल्याकडचं कॅम्पस प्लेसमेंट म्हणजे कंपनी कॉलेजात येते, प्लेसमेंट सेल यादी लावतो, एका दिवसात निकाल. इकडे विद्यापीठ सल्ला देतं, खोली देतं, सरावाच्या मुलाखती घेतं, पण अर्ज मुलीला स्वतःच करायचे असतात. माइनाबी, रिकुनाबी अशा संकेतस्थळांवर नाव नोंदवून वीस-तीस कंपन्यांकडे अर्ज करणं अगदी सर्रास चालतं.

प्रत्येक अर्जाला एंट्री शीट. त्यात ठरलेले तीन प्रश्न : स्वतःबद्दल सांगा, आमच्याकडेच का, आणि ‘गाकुचिका’, म्हणजे विद्यार्थिदशेत जीव ओतून काय केलंत. मग ऑनलाइन चाचणी, गटचर्चा, आणि दोन-तीन फेऱ्या मुलाखती. गाकुचिका वाचून वाचून माझा असा समज झाला होता की जपानमधल्या प्रत्येक विद्यार्थी मंडळाला किमान सहा उपाध्यक्ष असावेत. सगळेच उपाध्यक्ष. अध्यक्ष म्हटलं तर पकडले जाऊ.

त्या ढिगातली एक शीट अजून आठवते. मुलगी सुपरमार्केटच्या तळणाच्या काउंटरवर पार्टटाइम काम करायची. रात्री उरलेले बटाट्याचे कोरोक्के फेकायला लागायचे ते तिला बघवेना. तिने वही केली : वार, पाऊस, शेजारच्या शाळेचा कार्यक्रम, उरलेले नग. दोन महिन्यांनी तिने मॅनेजरला सांगितलं की पावसाच्या दिवशी संध्याकाळी पाचनंतरचा घाणा निम्मा करा. मुलाखतीत मी विचारलं, पावसातच का, बाकी दिवस का नाही? ती म्हणाली, ‘पावसात लोक सायकलने येत नाहीत, चालत येतात. चालत येणारा एका हातात छत्री धरतो, म्हणून एकच पिशवी घेतो.’ माझ्या शेजारी बसलेल्या विभागप्रमुखांनी पेन खाली ठेवलं. पुढचा अर्धा तास आम्ही तिला कंपनीबद्दल काही विचारलंच नाही, कोरोक्क्यांबद्दलच बोललो. तिच्या जाकिटाच्या मागच्या चिरेवर शिंप्याने घातलेला फुलीचा पांढरा दोरा तसाच होता. तो नवा कपडा घातल्यावर कापायचा असतो. करिअर सेंटरमध्ये आम्ही आज मुलांना दारावर तीन टकटक, बसा म्हटल्यावरच बसणं, निघताना वळून वाकणं हे सगळं घोटून घेतो, आणि मी हळूच प्रत्येकाच्या पाठीमागे जाऊन तो दोराही बघते. पण त्या मुलीला त्या दोऱ्यासकट आम्ही घेतलं.

नकाराचाही एक साचा आहे. पत्र शेवटी म्हणतं, ‘आपल्या पुढील यशासाठी आम्ही प्रार्थना करतो.’ म्हणून मुलं नकाराला ‘ओइनोरी’, प्रार्थना, म्हणतात. ‘आज तीन प्रार्थना आल्या.’ मे महिन्यात माझ्यासमोर बसून एखादा मुलगा हे हसत सांगतो आणि मग बराच वेळ गप्प बसतो. काही कंपन्या तर तेवढंही कळवत नाहीत. तेव्हा एक विनंती, रोज व्हिडिओ कॉलवर ‘झालं का?’ विचारू नका. झालं की ती स्वतःच पहिल्या पाच मिनिटांत फोन करेल.

ही पद्धत बहुतेकांना तारते, हे मान्य करायला हवं. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, काहीही कौशल्य नसताना, लाखो मुलं एकाच दिवशी पगारावर बसतात, हे फार कमी देशांत घडतं. पण ज्यांचं पदवीचं वर्ष वाईट निघालं त्यांना ती निर्दयपणे बाहेर ठेवते. १९९१ नंतर तेजीचा फुगा फुटला. १९९१ च्या पदवीधरांसाठी दर इच्छुक विद्यार्थ्यामागे २.८६ जागा होत्या. २००० च्या तुकडीसाठी ०.९९. कंपन्यांना जुनी माणसं काढता येत नव्हती, म्हणून त्यांनी दार लावून घेतलं, आणि दारात उभे होते ते विद्यार्थी. २००३ मध्ये पदवी घेणाऱ्यांपैकी नोकरीला लागलेले होते ५५.१ टक्के. साधारण १९९३ ते २००५ या काळाला ‘नोकऱ्यांचं हिमयुग’ म्हणतात. मंदी सगळीकडे येते, पण इकडे ती ओसरल्यावर कंपन्यांनी पुन्हा त्या वर्षीचे ताजे पदवीधर घेतले. मागे राहिलेल्यांसाठी दार उघडलंच नाही. ते कंत्राटी कामांत, पार्टटाइममध्ये राहिले, आणि आज पन्नाशीच्या आसपास आहेत. २०१९ मध्ये ह्योगो प्रांतातल्या ताकाराझुका नगरपालिकेने खास या पिढीसाठी तीनेक जागा काढल्या. अर्ज आले १,८१६. शेवटी चौघांना घेतलं.

मी आले ती नेमकी त्या काळात. कंपनीत माझ्या शेजारी एक कंत्राटी बाई बसायची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, माझ्याहून चांगलं इंग्रजी, चांगल्या विद्यापीठाची पदवी. नव्या मुलांच्या स्वागताची किटं तीच भरायची. ती कधी काही बोलली नाही. ‘सहा महिने आराम कर, मग शोध’ हे वाक्य वाचलं की मला ती आठवते.

आता दिवस पालटले आहेत. मुलंच कमी जन्मली, त्यामुळे कंपन्या मुलांच्या मागे आहेत. २०२४ च्या मार्चमध्ये पदवी घेतलेल्यांचा नोकरीचा दर ९८.१ टक्के निघाला, ही मोजणी १९९७ मध्ये सुरू झाल्यापासूनचा उच्चांक. मात्र हा आकडा जपून वाचा : तो नोकरी हवी असं म्हणणाऱ्यांतला दर आहे. ज्यांनी हात टेकले, जे पुढे शिकायला गेले, ते छेदात नाहीत. शिवाय जागा कुठे आहेत तेही बघा. २०२५ च्या तुकडीसाठी तीनशेपेक्षा कमी माणसं असलेल्या कंपन्यांत एका इच्छुकामागे साडेसहा जागा होत्या, पाच हजारांवर माणसं असलेल्या कंपन्यांत ०.३४. टीव्हीवर जाहिरात दिसणाऱ्या कंपन्यांच्या मागे सगळे धावतात, आणि त्यांना बेअरिंग, गोंद, सेन्सर विकणाऱ्या मध्यम कंपन्या माणसांवाचून बसलेल्या असतात. मी दर वर्षी हे सांगते, दर वर्षी मुलं मान हलवतात आणि पुन्हा त्याच वीस नावांना अर्ज करतात.

बदल आणखीही आहेत. २०२२ मध्ये तीन मंत्रालयांनी मिळून नियम बदलला : पाच दिवस किंवा अधिक चालणाऱ्या, निम्म्याहून जास्त वेळ प्रत्यक्ष कामाच्या जागी घालवलेल्या इंटर्नशिपमधली माहिती कंपनी २०२५ च्या तुकडीपासून भरतीसाठी वापरू शकते. म्हणजे शर्यतीची सुरुवात तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात. तुमची मुलगी तेव्हापासून गुंतली आहे ती यामुळेच. हिताची, फुजित्सूसारख्या कंपन्या ठरलेल्या कामासाठी माणूस घेण्याकडे वळताहेत. सुरुवातीच्या पगारातही चुरस आली, युनिक्लो चालवणाऱ्या फास्ट रिटेलिंगने २०२३ मध्ये तो दरमहा २,५५,००० येनवरून ३,००,००० वर नेला. आणि जन्मभराची नोकरी म्हणावं तर पदवीधरांपैकी साधारण तिसरा हिस्सा तीन वर्षांत पहिली कंपनी सोडतो. त्यांच्यासाठी ‘दाइनी शिनसोत्सु’, दुसऱ्या फेरीचे नवपदवीधर, असा नवा बाजारही तयार झाला आहे. पदवीनंतर तीन वर्षांपर्यंत मुलांना नवपदवीधरच धरा, असं सरकारने २०१० मध्ये कंपन्यांना सांगितलं. कागदावर बऱ्याच कंपन्या धरतात. तरीसुद्धा नोकरी न मिळालेली काही मुलं मुद्दाम एखादा विषय ठेवून पाचवं वर्ष विद्यापीठात काढतात, फी भरून. यावरून काय ते समजा.

तुमच्या मुलीपुरतं सांगायचं तर अभ्यासाची काळजी अगदीच चुकीची नाही. मार्चमध्ये पदवी मिळाली नाही तर नाइतेइ रद्द होतं. बहुतेक मुलं तिसऱ्या वर्षापर्यंत जवळपास सगळे क्रेडिट उरकतात आणि चौथ्यासाठी प्रबंध ठेवतात. तिचे किती उरलेत तेवढं विचारा.

परदेशी मुलांची खरी अडचण मुलाखत नसते, ऑनलाइन चाचणी असते. गणित सातवी-आठवीचं, पण प्रश्न जपानीत, प्रत्येकाला एक-दीड मिनिट. आपली मुलं गणितात हुशार असूनही वाचनात मागे पडतात. तिने आतापासून रोज घड्याळ लावून सराव करावा. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-वन, म्हणजे सगळ्यात वरची पातळी हाताशी असली तर उत्तमच. जपानी पदवी आणि एन-वन दोन्ही असलेल्यांना २०१९ पासून कामाच्या जास्त प्रकारांसाठी व्हिसा मिळू शकतो. पदवीपर्यंत नोकरी मिळाली नाही तर विद्यापीठाच्या शिफारशीवर नोकरी शोधण्यासाठी सहा महिने, आणि एकदा वाढवून एकूण वर्षभर राहता येतं. म्हणजे दार अगदी बंद होत नाही, फक्त ते घरी नाशिकला येऊन उघडत नाही. इथेच राहावं लागतं. जाहिरातीत ‘सोगोशोकु’ आहे की ‘इप्पानशोकु’ हेही तिला बघायला सांगा. पहिलं बढतीचं आणि बदल्यांचं, दुसरं साहाय्यकाचं. १९८६ ला समान संधीचा कायदा लागू झाल्यावर ही विभागणी पसरली आणि दुसऱ्या रकान्यात बायकाच जास्त राहिल्या.

दोन कंपन्यांकडून शब्द आला तर एकीला नकार देता येतो. १९७९ मध्ये दाइ निप्पॉन प्रिंटिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नाइतेइ हा नोकरीचा करारच मानला, त्यामुळे कंपनीला तो वाटेल तेव्हा मोडता येत नाही. विद्यार्थ्याला मात्र दोन आठवड्यांची सूचना देऊन बाहेर पडता येतं. काही कंपन्या ‘आत्ताच्या आत्ता बाकीच्यांना फोन करून नाही म्हणा, मग आम्ही हो म्हणतो’ असा दबाव आणतात. त्याला ‘ओवाहारा’ म्हणतात. तसं झालं तर तिने तिथे वाद घालू नये, करिअर सेंटरमध्ये यावं. असे फोन आम्ही करतो.

आणि एक तुमच्यासाठी. हल्ली कंपन्या ‘ओयाकाकु’ करतात : मुलाने होकार दिल्यावर आईवडिलांनाही विचारतात, तुमची हरकत नाही ना. कधी पत्र येतं, कधी सहीचा कागद, कधी थेट फोन. गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याच्या कोल्हापूरच्या वडिलांना असा फोन गेला. समोरचा माणूस जपानीत बोलतोय, यांना वाटलं काही फसवणुकीचा प्रकार आहे, त्यांनी मराठीत दोन शब्द सुनावून फोन ठेवला. पुढचे दोन दिवस मला दोन्हीकडे समजावण्यात गेले. तेव्हा मार्चनंतर ८१ ने सुरू होणाऱ्या नंबरवरून फोन आला, तर शांतपणे घ्या, मुलीचं नाव ऐकू आलं की ‘येस, ओके’ म्हणा, आणि लगेच तिला कळवा.